स्टिरॉइडचा स्प्रे, इम्युनिटीची भीती आणि तीन वर्षं चोंदलेलं नाक

पेशंट तिशीतली बाई, काम लॅपटॉपवर आणि घरूनच, बीपी-शुगर काही नाही, दमा नाही. ओळख पटेल असे तपशील काढलेत. तक्रार एकच, तीन वर्षं झाली सर्दी जातच नाही. सकाळी डोळे उघडले की शिंकांचा सपाटा, एका दमात दहा-पंधरा, मग नाकातून पाण्यासारखं गळणं, टाळूला खाज, डोळ्यांना खाज, दुपारपर्यंत जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत संध्याकाळी नाक चोंदायला सुरुवात. रात्रभर तोंडाने श्वास, सकाळी घसा कोरडाठाक, झोप अर्धवट आणि दिवसभर डोकं जड. ॲलर्जिक ऱ्हायनायटिससाठी, म्हणजे ॲलर्जीच्या सर्दीसाठी, 'आरिया' नावाची आंतरराष्ट्रीय गाइडलाइन आहे, तिच्या २००१ च्या वर्गीकरणाप्रमाणे आठवड्यात ४ हून जास्त दिवस आणि ४ हून जास्त आठवडे त्रास असला की तो पर्सिस्टंट, म्हणजे टिकून राहिलेला, आणि झोप किंवा काम बिघडत असेल तर मॉडरेट-सिव्हिअर. ही दोन्हीत आरामात बसत होती.

तिला म्हटलं सगळी औषधं टेबलावर काढा. सेटिरिझिन या ॲलर्जीच्या गोळीची (अँटिहिस्टामिन) अर्धी संपलेली पट्टी, नाक उघडणारे झायलोमेटाझोलिनचे ड्रॉप्स जे ती गेले कित्येक महिने जवळजवळ रोज रात्री घालत होती, आणि मोमेटासोनचा नाकात मारायचा स्प्रे, तारीख आठ महिन्यांपूर्वीची आणि बाटली जवळपास भरलेली. सोबत एका जुन्या कागदावर 'ॲलर्जीचं इंजेक्शन' दोनदा दिल्याची नोंद, आत नीट वाचलं तर ट्रायमसिनोलोन ४० मिलिग्रॅम.

स्प्रे का नाही वापरला विचारलं तर म्हणाली, "डॉक्टर, त्यावर स्टिरॉइड लिहिलंय. माझी इम्युनिटी आधीच कमी आहे म्हणून तर सारखी सर्दी होते, त्यात स्टिरॉइड घेतलं तर उरलीसुरलीपण जाईल ना?"

या केसमधलं निम्मं काम औषधाचं नव्हतंच, या एका वाक्याचं होतं. आणि ही भीती येडपटपणाची नाही बरं का. सुरुवातीच्या काळात नाकासाठी डेक्सामेथासोनचे स्प्रे होते, ते रक्तात चांगलेच उतरायचे आणि अख्ख्या शरीरावर परिणाम करायचे. १९७३ मध्ये निल्स मायगिंड या डॅनिश डॉक्टरने बेक्लोमेथासोनचा नाकातला वापर छापला तेव्हापासून चित्र बदलायला लागलं, पण स्टिरॉइड या नावाची बदनामी काही गेली नाही.

तपासणीत टर्बिनेट्स, म्हणजे नाकाच्या आत बाहेरच्या बाजूच्या भिंतीवरचे उंचवटे, फिकट, निळसर, ओलसर आणि फुगलेले. यालाच लोकांना कुठेतरी 'नाकाचं हाड वाढलंय' नाहीतर 'मास वाढलंय' म्हणून सांगितलेलं असतं, हिलाही सांगितलं होतं, ऑपरेशनची भीतीपण घातली होती. मधला पडदा जरासा तिरका, तो तसा बहुतेकांचा असतो. पू नाही, पॉलिप नाही. सेटिरिझिन आठवडाभर बंद ठेवून स्किन प्रिक टेस्ट, म्हणजे त्वचेवर ॲलर्जीच्या अर्काचा थेंब ठेवून हलकंसं टोचायची तपासणी, केली (अँटिहिस्टामिन चालू असेल तर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते, नाकातल्या स्टिरॉइड स्प्रेमुळे मात्र येत नाही, तो बंद करायची गरज नसते). घरातल्या धुळीतल्या किड्याला, म्हणजे डस्ट माइटला, ८ मिलिमीटरची गांध, तुलनेसाठी टोचलेल्या हिस्टामिनला ५, सलाइनला शून्य. ३ मिलिमीटरच्या वर पॉझिटिव्ह धरतात, तेव्हा शंकेला जागा नव्हती. नाकातल्या स्रावाच्या स्मिअरमध्ये इओसिनोफिल्स, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, भरपूर.

तर पहिली गोष्ट तिला ही सांगितली की तुमची इम्युनिटी कमी नाहीये, चुकीच्या जागी जास्त आहे. माइटच्या विष्ठेत डर-पी-१ नावाचं प्रोटीन असतं, ते स्वतःच एक एन्झाइम आहे आणि नाकाच्या अस्तरातल्या पेशींमधले सांधे तोडून आत शिरतं. अस्तराच्या पेशी धोक्याचे संदेश सोडतात, टीएसएलपी, आयएल-२५, आयएल-३३ वगैरे, त्यावरून डेंड्रिटिक पेशी तो कण उचलून टी-पेशींना दाखवतात, आणि ज्यांच्यात ॲलर्जीचा कल आहे त्यांच्यात या टी-पेशी टीएच-२ प्रकारच्या बनतात. या टीएच-२ पेशींचा आयएल-४ आणि आयएल-१३ बी-पेशींना सांगतो की आयजीई ही ॲलर्जीची अँटिबॉडी बनवा, आणि आयएल-५ इओसिनोफिल्स वाढवतो, जगवतो. आयजीई जाऊन मास्ट सेलवर, म्हणजे अस्तरातल्या हिस्टामिन भरलेल्या पेशीवर, चिकटून बसतं. हे सगळं होऊन गेलेलं असतं, पेशंटला काही कळतही नाही.

मग पुढच्या वेळी माइटचा कण आला की चिकटलेल्या आयजीईला पकडतो आणि मास्ट सेल काही मिनिटांत हिस्टामिन, ल्युकोट्रिन, प्रोस्टाग्लँडिन ओतते. शिंका, खाज, पाणी. ही पहिली फेज, यावर सेटिरिझिन बरं काम करतं. पण चार ते आठ तासांनी दुसरी फेज येते, इओसिनोफिल्स, बेसोफिल्स, टी-पेशी अस्तरात गोळा होतात, सूज येते, नाक बंद. त्यावर अँटिहिस्टामिनचा फारसा जोर चालत नाही, म्हणून ती म्हणत होती गोळीने शिंका थांबतात पण नाक उघडत नाही. शिवाय रोज रात्री त्याच गादी-उशीत झोपल्यामुळे आधीची सूज उतरायच्या आत नवीन डोस मिळतो, अस्तर इतकं चिडून बसतं की नंतर नेहमीपेक्षा कमी कणांनाही तेवढीच प्रतिक्रिया देतं. याला प्रायमिंग म्हणतात. अगरबत्तीचा धूर, परफ्युम, थंड हवा यांनीही शिंका येतात ही तिची तक्रार त्यातलीच, त्या गोष्टींची ॲलर्जी नव्हती, नाकच हळवं होऊन बसलं होतं.

आता स्प्रे यात नेमकं कुठे हात घालतो. स्टिरॉइडचा रेणू अस्तराच्या पेशीत आणि तिथे जमलेल्या इम्यून पेशींत शिरतो, पेशीच्या आत ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर वाट बघत असतो त्याला चिकटतो, आणि ही जोडी केंद्रकात जाऊन जीन्सच्या पातळीवर काम करते. एनएफ-कप्पा-बी आणि एपी-१ हे दोन जण सूज वाढवणारे जीन्स चालू करत असतात, त्यांना ती दाबते. म्हणजे आयएल-४, आयएल-५, आयएल-१३ कमी बनतात, इओसिनोफिल्सना बोलावणारे केमोकाइन्स कमी बनतात, आलेले इओसिनोफिल्स लवकर मरतात, अस्तराच्या वरच्या थरातल्या मास्ट सेल्स आणि ॲलर्जनचा कण उचलणाऱ्या डेंड्रिटिक पेशी घटतात. नाकाच्या अस्तरातच काही बी-पेशी आयजीई बनवायला लागलेल्या असतात, तेही कमी होतं. पराग कणांच्या सीझनमध्ये रक्तातलं आयजीई जे वर चढतं ती चढण स्प्रे आधीपासून चालू ठेवला तर बोथट होते हेही दिसलेलं आहे.

एक मजा सांगण्यासारखी आहे. स्टिरॉइड मास्ट सेलला थेट फुटण्यापासून रोखत नाही, त्यामुळे पहिल्या फेजवर याचा काय उपयोग असं वाटेल. पण १९८७ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात आठवडाभर नाकात स्टिरॉइड मारून मग ॲलर्जन सोडलं तर पहिल्या फेजमधलं हिस्टामिनसुद्धा कमी निघालं. याचं कारण बहुधा हेच की वरच्या थरात फुटायला पेशीच कमी उरल्या. आणि हे एका फवाऱ्यात होत नाही, जीन्सचं काम आहे ते, थोडाफार फरक पहिल्या बारा तासांत जाणवतो, पूर्ण असर यायला एक-दोन आठवडे लागतात. हिने आठ महिन्यांत तो जेव्हा नाक अगदीच बंद झालं तेव्हा एखाद-दोनदा मारला होता आणि 'काही फरक पडत नाही' म्हणून ठेवून दिला होता. तसा वापरला तर नाहीच पडणार.

बरं, मग जंतूंशी लढायची ताकद? ती तिच्या प्रश्नाची खरी बाजू. नाकातले न्यूट्रोफिल्स, जे बॅक्टेरियाशी भिडणारी पहिली फळी, त्यांना स्टिरॉइड मारत नाही, उलट त्यांचं आयुष्य लांबवतं. इओसिनोफिल्सच्या अगदी उलटं. अस्तराच्या पेशी स्वतः जी जंतुविरोधी प्रोटीन्स बनवतात त्यातली बरीच दबत नाहीत. रोज नीट स्प्रे मारणाऱ्यांमध्ये सायनसचं इन्फेक्शन वाढतं असं दिसलेलं नाही, बुरशी क्वचित. म्हणजे दाबली जाते ती मुख्यतः टीएच-२ ची फांदी, तीही नाकाच्या अस्तरापुरती.

अस्तरापुरती का, तर हिशोब बघा. एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम, दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन म्हणजे दिवसाला २०० मायक्रोग्रॅम. यातला बराचसा भाग घशातून पोटात जातो, तिथून लिव्हरला आणि लिव्हर तो पहिल्याच फेरीत मोडून टाकतं. मोमेटासोनचा १ टक्क्याहून कमी भाग रक्तात पोचतो, फ्लुटिकासोन प्रोपिओनेटचा २ टक्क्यांहून कमी. जुन्या बेक्लोमेथासोनचं आणि ब्युडेसोनाइडचं प्रमाण बरंच जास्त आहे, म्हणून सगळे स्प्रे सारखे असं मी म्हणणार नाही. लहान मुलांत बेक्लोमेथासोन वर्षभर दिल्यावर उंची वाढण्याचा वेग किंचित कमी झालेला दिसला होता, मोमेटासोनने तसं दिसलं नाही.

आणि तिने घेतलेली ती दोन इंजेक्शनं? ट्रायमसिनोलोन हेही स्टिरॉइडच. ४० मिलिग्रॅम म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम, स्नायूत, जिथून ते काही आठवडे हळूहळू अख्ख्या शरीरात झिरपत राहतं. दोन्ही रेणूंची ताकद वेगळी आहे, मोमेटासोन ग्रॅमला ग्रॅम जास्त तेज आहे, त्यामुळे सरळ भागाकार करून चालत नाही, पण इंजेक्शनने अॅड्रिनल ग्रंथीचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, आठवडेच्या आठवडे दबू शकतं आणि स्प्रेने नेहमीच्या डोसला तसं होत नाही एवढं पुरे. ज्या गोष्टीला ती घाबरत होती ती तिने आधीच घेतली होती, फक्त त्यावर ठळक अक्षरात स्टिरॉइड लिहिलेलं नव्हतं आणि देणाऱ्यांनी सांगितलंही नव्हतं. मला याचा राग येतो, स्पष्टच सांगतो. नुसत्या ॲलर्जीच्या सर्दीसाठी डेपो स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायला आजच्या घडीला काही सबळ कारण नाही, गाइडलाइन्सही नको म्हणतात.

प्लॅन साधा. मोमेटासोन रोज, त्रास असो नसो. आधी सलाइनने नाक धुवायचं. सेटिरिझिन फक्त लागेल तेव्हा. झायलोमेटाझोलिन बंद, कारण ते सलग पाच-सात दिवसांच्या पुढे घातलं की उतरताना नाक उलट जास्त चोंदतं आणि माणूस परत ड्रॉप्स घालतो, तिचं संध्याकाळचं नाक बंद होणं निम्मं त्याचंच होतं. एकदम दोन्हीकडे बंद केलं तर रात्र काढवत नाही म्हणून आधी एका नाकपुडीत बंद, मग दुसरीत. गादी-उशीला माइट न शिरणारी कव्हरं, चादरी-अभ्रे ६० डिग्रीच्या पाण्यात. एकट्या कव्हरांनी नाक सुधारेल अशी आशा मी कुणाला दाखवत नाही, पण पुढे स्प्रे कमी करायचा असेल तर भार कमी असलेला बरा.

पहिल्या आठवड्यात शिंका कमी झाल्या, नाक मात्र बंदच, आणि ड्रॉप्स नाहीत म्हणून चिडचिड. तिचा फोन आला की हे चालत नाहीये. थांबा म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा तोंड मिटून झोपली.

मग चौथ्या आठवड्यात घोळणा फुटला. उजव्या बाजूने, थोडंसंच, पण रक्त बघितल्यावर स्प्रे बंद आणि परत तीच भीती, आतलं अस्तर खाऊन टाकलं की काय. नाकात बघितलं तर मधल्या पडद्यावर पुढच्या बाजूला एक लाल ठिपका, त्यावर छोटी खपली, बाकी अस्तर उलट आधीपेक्षा गुलाबी आणि बसलेलं. म्हटलं माझ्यासमोर मारून दाखवा. उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत नोझल घातलं, मान मागे टाकली, आणि दाबल्याबरोबर जोरात सूं करून ओढलं. तिथेच सगळं कळलं. उजव्या हाताने उजवीकडे मारलं की नोझलचं टोक सरळ मधल्या पडद्याकडे वळतं, रोज त्याच जागी धार बसते, आणि ती जागा बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्याची, नाकातून येणारं बहुतेक रक्त तिथूनच येतं. वर मान मागे आणि जोरात ओढलं म्हणजे अर्धं औषध घशात, जिथे त्याचं काही काम नाही. उजवीकडे डाव्या हाताने, डावीकडे उजव्या हाताने, डोकं जरासं पुढे झुकवून, टोक त्याच बाजूच्या कानाच्या दिशेला, दाबताना हलकेच श्वास, बस्स. उजवीकडे चार दिवस सुट्टी, पडद्यावर सलाइन जेल, मग परत चालू. पुन्हा रक्त आलं नाही. स्प्रे वापरणाऱ्या बऱ्याच जणांना कधीतरी असं किरकोळ रक्त येतं, त्याला इम्युनिटीशी जोडायचं कारण नाही, पडद्याला भोक पडणं अगदी क्वचित. अस्तर पातळ होण्याची भीतीही खूपदा विचारली जाते, मोमेटासोन वर्षभर दिलेल्या लोकांच्या नाकाच्या बायोप्सी केल्या गेल्यात, अस्तर झिजलेलं दिसलं नाही, सूज कमी होऊन ते सुधारलेलंच दिसलं.

दुसऱ्या महिन्यात खरी सर्दी झाली. ताप, अंग दुखणं, घट्ट शेंबूड, घसा. तिचा पहिला प्रश्न, आता तरी स्प्रे बंद करू ना? नाही. व्हायरसच्या सर्दीवर स्प्रेचा उपयोग नाही हे खरं, पण तो बंद केला की ॲलर्जीची सूज सर्दीच्या सुजेवर चढते आणि दुप्पट त्रास. कोविडच्या साथीत २०२० मध्ये हाच प्रश्न जगभर विचारला गेला होता आणि आरियाने युरोपियन ॲलर्जी अकादमीबरोबर मिळून सांगितलं होतं की ॲलर्जीसाठी चालू असलेला नाकातला स्टिरॉइड बंद करू नका. आठवड्याभरात ती इतरांसारखीच बरी झाली. त्याच दरम्यान फ्लूची लस घ्यायची होती, तीही घ्या म्हटलं. जिवंत लशी थांबवायची वेळ येते ती साधारण प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम किंवा जास्त, रोज, १४ दिवस किंवा जास्त अशा पोटातून घेतलेल्या डोसला, नाकातला स्प्रे त्या हिशोबातच धरत नाहीत.

तिने कुठेतरी वाचून कॉर्टिसोलची रक्त तपासणी करायची का विचारलं. शेवटच्या इंजेक्शनला वर्ष होऊन गेलं होतं, थकवा-चक्कर काही नाही, आणि नुसत्या मोमेटासोनच्या स्प्रेसाठी ती तपासणी मी करत नाही, विनाकारण सुई. पण एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, दुसरी कुठली औषधं चालू आहेत. रिटोनाव्हिर, कोबिसिस्टॅट, कीटोकोनाझोल यासारखी औषधं लिव्हरमधलं स्टिरॉइड मोडणारं एन्झाइम बंद पाडतात, मग फ्लुटिकासोनसारखा स्प्रेसुद्धा रक्तात साठतो आणि खरंच चेहरा सुजणं, कॉर्टिसोल दबणं असले प्रकार होतात. दम्याचा इन्हेलर, त्वचेवरचं स्टिरॉइड क्रीम आणि नाकातला स्प्रे तिन्ही एकत्र असतील तर बेरीज करावी लागते. हिला यातलं काही नव्हतं.

चार महिन्यांनी एकदम मस्त वाटायला लागलं म्हणून स्वतःच स्प्रे बंद केला. पंधरा दिवस चांगले गेले आणि मग सकाळच्या शिंका परत. आली ती जरा नाराजच, म्हणजे हे आयुष्यभर का?

इथे औषधाची हद्द दिसते. स्प्रे इम्यून सिस्टिमला गप्प करतो, शिकवत काही नाही. माइट ओळखणाऱ्या मेमरी पेशी तशाच, आयजीई बनवणाऱ्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी तशाच, आणि मास्ट सेलवर चिकटलेलं आयजीई आठवडेच्या आठवडे टिकतं, जरी रक्तात मोकळं फिरणारं आयजीई दोनेक दिवसांत निम्मं होत असलं. दाब काढला की अस्तरात पेशी परत जमतात. 'इम्युनिटी कायमची जाईल' ही तिची भीती खरी असती तर ॲलर्जीसुद्धा गेली असती की, हे तिलाच बोलता बोलता सुचलं आणि ती हसली.

शिकवायचं असेल तर इम्युनोथेरपी. १९११ मध्ये लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांचं इंजेक्शन देऊन सुरुवात केलेली पद्धत, आता माइटसाठी जिभेखाली ठेवायच्या गोळ्याही आहेत. ॲलर्जन ठरलेल्या डोसने रोज देत राहायचं, साधारण तीन वर्षं, म्हणजे प्रतिक्रिया आवरणाऱ्या रेग्युलेटरी टी-पेशी वाढतात, आयएल-१० वाढतं, आयजीजी-४ अँटिबॉडी तयार होते जी कण मास्ट सेलपर्यंत पोचायच्या आत अडवते, टीएच-२ चा जोर ओसरतो. औषध थांबवल्यावरही काही वर्षं फायदा टिकतो, ही गोष्ट स्प्रेत नाही. पण तीन वर्षं चिकाटी लागते, सुरुवातीला तोंडात खाज-सूज येते, पहिली गोळी डॉक्टरसमोरच घ्यावी लागते, आणि सगळ्यांना सारखा गुण येत नाही. स्प्रे बंद करून ही सुरू करायची असं नसतं, दोन्ही बरोबर चालतात, कारण शांत नाकात ती झेपते.

ती दोन आठवडे विचार करून हो म्हणाली. सध्या गोळ्यांचं दुसरं वर्ष चालू आहे, स्प्रे प्रत्येक नाकपुडीत एक-एक फवारा, म्हणजे दिवसाला १०० मायक्रोग्रॅम, ड्रॉप्स पूर्ण सुटले, सेटिरिझिन महिन्यातून कधीतरी. डोळ्यांची खाज अजून अधूनमधून येते. पुढच्या व्हिजिटला स्प्रे एक दिवसाआड करून बघायचं ठरलंय, आणि प्रेग्नन्सीचं प्लॅनिंग असेल तर आधी कळवा असं सांगून ठेवलंय, कारण मग स्प्रेपैकी ब्युडेसोनाइडवर जायचा विचार करता येतो, गरोदरपणातली सगळ्यात जास्त माहिती त्याचीच आहे, आणि इम्युनोथेरपी त्या काळात नव्याने सुरू करत नाहीत, आधीपासून नीट सोसत असेल तर चालू ठेवतात.